तोंड दाखवून बोला

बहिऱ्या माणसाशी लोक दोन तऱ्हांनी बोलतात. एक तर कानाशी येऊन असे ओरडतात, की जणू मी विहिरीत पडलेय आणि ते काठावर उभे आहेत. नाही तर मी पुन्हा विचारलं की "जाऊ द्या, काही नाही" म्हणून मोकळे होतात. ओरडणाऱ्यांचा मला फारसा राग येत नाही. त्यांना वाटतं, आवाज वाढवला की काम झालं. खरं तर ओरडताना तोंड वाकडं होतं, ओठ ताणले जातात, आणि जे थोडंफार कळणार असतं तेही जातं. पण निदान त्यांना मला काहीतरी सांगायचं असतं. "काही नाही" म्हणणाऱ्यांना मात्र मी माफ करत नाही. काही नाही असं कधीच नसतं. ते चारचौघांना सांगून झालेलं असतं, त्यावर हसूनही झालेलं असतं, आणि माझी पाळी आली की त्याचं "काही नाही" होतं.

पुढे मला कानाचं यंत्र मिळालं. पोलक्यात एक डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. "रेडिओ लावला का बाई?" असं विचारणारे महाभागही भेटले. ते यंत्र माझ्याकडे फार उशिरा आलं. ज्या दिवसांत ते किंवा त्याहून चांगलं काही मिळायला हवं होतं, त्या दिवसांबद्दल मी लिहितेय. राग अजून गेलेला नाही, तेव्हा लिहिण्यात तो येणारच.

माझे कान जन्मापासून असे नव्हते. लहानपणी मला गोवर निघाला, आणि गोवर उतरता उतरता दोन्ही कान वाहू लागले. आमचं गाव सुलतानपूरच्या बाजूचं. घरी शेती, भाजीपाल्याचा मळा, आणि मळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्या बाया. कान वाहणं हा आमच्याकडे आजारच नव्हता. शेंबूड वाहतो तसा लेकराचा कान वाहतो, मोठेपणी आपोआप थांबतो, अशी सगळ्यांची खात्री होती. "कान फुटला" असं म्हणायचं आणि तेल गरम करायचं. करडीच्या तेलात लसूण कढवून ते कानात सोडायचं. कुणी रुईचं पिवळं पान विस्तवावर शेकून त्याचा रस पिळायचं. वरून कापसाचा बोळा. मळ्यात येणाऱ्या प्रत्येक बाईकडे एक औषध होतं आणि माझ्याकडे दोन कान होते, त्यामुळे कुणालाच निराश व्हावं लागलं नाही. त्यांच्या मनात माझ्याबद्दल माया होती, हे मला पक्कं माहीत आहे. त्या मायेनंच माझे कान घालवले.

कान म्हणजे काय हे मला पुष्कळ नंतर, पुस्तकातून कळलं. बाहेर दिसतो तो नुसता आडोसा. त्याच्या आत नळी, आणि नळीच्या टोकाला पडदा, पतंगाच्या कागदासारखा. आवाज म्हणजे हवेची थरथर. तो पडद्यावर आदळला की पडदा हलतो. पडद्याला आतल्या बाजूनं तीन इवलाली हाडं लागलेली असतात, एकाला हातोडी म्हणतात, दुसऱ्याला ऐरण आणि तिसऱ्याला रिकीब, घोडेस्वार पाय अडकवतो त्या कडीसारखी. पडदा हातोडीला हलवतो, हातोडी ऐरणीला, ऐरण रिकिबीला. रिकीब पुढच्या शंखासारख्या पोकळीतल्या पाण्याला ढकलते. त्या पाण्यात केसांहून बारीक केस असतात, ते डोलले की नस मेंदूला खबर देते. मग कुठं आपल्याला कळतं की मागून कुणीतरी हाक मारली. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं आणि लोकांना त्याचा पत्ताही नसतो.

माझ्या दोन्ही पडद्यांना भोकं पडली होती आणि पुवानं ती हाडं चिकटत चालली होती. आतला शंख, ते पाणी, ती नस मात्र तेव्हा चांगली होती. म्हणजे घर शाबूत होतं, दार तेवढं अडकून बसलं होतं. पण हे सांगणारं त्या वेळी आमच्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि कुणी असतं तरी त्याला विचारायला कुणी गेलं नसतं.

शाळेत मी पहिल्या रांगेत बसायचे आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघायचे. मी ओठ वाचते हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. सगळीच माणसं असंच ऐकत असतील असं वाटायचं. मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागले की माझी शाळा सुटायची. घरी माझ्या मायच्या हे ध्यानात आलं होतं. ती काही बोलायची नाही, पण मला काही सांगायचं असलं की हातातलं काम सोडून समोर यायची, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे करायची, आणि मग सांगायची. ओरडायची नाही. कधी कधी तर आवाजही काढायची नाही, नुसते ओठ हलवायची, आणि मला सगळं कळायचं. भावंडांना आमचं हे बोलणं ऐकू जायचं नाही, म्हणून ती सगळी चिडायची. मला तेव्हा फार श्रीमंत वाटायचं.

आणखी एक जागा होती जिथं मी कुणाहून कमी नव्हते. गावात इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती. तिथं दळण घेऊन गेलं की बाया इंजिनाच्या धडधडाटात एकमेकींना काय ते ओरडून सांगायच्या, आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळायचा, अगदी पाठ करून उभी असले तरी. हेही नंतर पुस्तकात वाचलं, की ज्याच्या पडद्यात बिघाड आहे आणि आतलं सगळं चांगलं आहे त्याला गोंगाटात उलट बरं ऐकू येतं. गोंगाट त्याच्यापर्यंत पुरता पोचत नाही, आणि चांगल्या कानांची माणसं मात्र त्या गोंगाटावर आवाज चढवून बोलतात. गिरणीत सगळे माझ्यासारखे व्हायचे. मी दळणाला कधी नाही म्हटलं नाही.

असल्या कानाचा एक गुण मात्र लोकांना भारी आवडला. स्वतःचा आवाज मला कवटीच्या हाडांतून मोठा ऐकू यायचा, त्यामुळे मी फार हळू बोलायचे. मला बघायला बीबी गावाहून पाहुणे आले तेव्हा याच गुणावर मी पसंत पडले.

त्या दिवशी मायनं सगळी मांडणी आधीच करून ठेवली होती. पाहुणे ओसरीवर, मी त्यांच्यासमोर पाटावर, आणि ती स्वतः त्यांच्या पाठीमागच्या दाराशी, मला दिसेल अशी. माझी नजर खाली असायला हवी होती. ती मी जरा वर, दाराच्या उंबऱ्यापर्यंत आणि तिथून हळूच मायच्या तोंडापर्यंत नेत होते. होणाऱ्या सासऱ्यानं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी येते का विचारलं. प्रत्येक प्रश्न मायनं त्यांच्या पाठीमागे ओठांनी पुन्हा विचारला आणि मी उत्तर दिलं, माझ्या त्या हळू आवाजात.

"पोरगी मर्यादेची हाय," सासरा म्हणाला म्हणे. "आवाज कसा, शेजारच्याले ऐकू जाऊ नाई असा."

पाहुणे गेल्यावर मायनं माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "तिकडं कुनाले सांगू नको. हळूहळू त्याइलेच कळन, तवा तू घरची झालेली असशीन."

म्हणजे त्या लोकांची फसवणूक झाली, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण मायच्या हिशेबात एक चूक होती, आणि तीही कानाची नव्हे, रीतीची होती. ती स्वतः त्या रीतीत सगळा जन्म राहिली, तरी तिच्या ते डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे सुनेनं सासऱ्यासमोर आणि नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, पदर कपाळाच्या खाली ओढून बसायचं. मान खाली. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. तेही सुनेशी थेट बोलत नाहीत. भिंतीकडे बघून, नाही तर दुसऱ्या कुणाला सांगितल्यासारखं करून बोलतात, "पाणी द्या म्हणावं." सासू बोलते ती तोंडाला पदर लावून, कारण पुरुष ओसरीवर असतात. जाऊ बोलते तीही तशीच. आणि नवरा? मोठ्या माणसांसमोर बायकोशी बोलला तर तो निर्लज्ज ठरतो, म्हणून तो बोलतच नाही. माय मला ओठ वाचायला शिकवून जिथं पाठवत होती, त्या घरात मला बघता येईल असं एकही तोंड नव्हतं.

लग्न होऊन मी बीबीला गेले आणि पहिल्या दिवसापासून बहिरी झाले. माहेरी मी बहिरी नव्हते, नुसतं कमी ऐकायचे. इथं मला दिसायचे ते पाय. सासऱ्याच्या पायाचा अंगठा वाकडा होता, भासऱ्याच्या टाचेला भेग होती. त्या दोघांबद्दल मला खात्रीनं एवढंच माहीत होतं. ओसरीवरून हाक यायची, मी चुलीशी तशीच बसलेली. पाणी मागितलं, दिलं नाही. कवाड लावायला सांगितलं, लावलं नाही. जावेनं मला खूप नंतर सांगितलं की पहिल्याच महिन्यात माझं नाव माजोरी पडलं होतं. चांगल्या घरची म्हणवते आणि सासऱ्याच्या शब्दाला भीक घालत नाही. हळू आवाज मर्यादेचा होता, तो आता तोऱ्याचा झाला.

मग मी एक युक्ती काढली, जी प्रत्येक कमी ऐकणारा माणूस काढतो. मी मान हलवायला लागले. समोरचे पाय माझ्याकडे वळून थांबले की काहीतरी विचारलंय असं समजायचं आणि मान हलवायची. सासूचा हात खांद्याला लागला की मान हलवायची. मान हलवली की लोकांचं समाधान होतं आणि ते पुढं सरकतात. नाही म्हटलं की "काऊन नाई?" असं विचारतात, आणि मग त्याचं उत्तर द्यावं लागतं. होकार स्वस्त पडतो. हा लबाडपणा नाही. चांगल्या कानांच्या माणसांनी शिकवलेला शहाणपणा आहे.

आता नवऱ्याबद्दल. नवऱ्याला "ते" म्हणायची रीत आहे. मी "तो" म्हणणार आहे. शेवटपर्यंत वाचलं की कारण कळेल.

शेतात मात्र तो माझ्याशी बोलायचा. तिथं बघायला कुणी नसायचं, पदर कमरेला खोचलेला असायचा, आणि तो समोरच्या ओळीत कापूस वेचता वेचता बोलायचा. चेहरा उघडा, मिशी बारीक, बोलणं सावकाश. मी सगळ्याला उत्तर द्यायचे. हसायचे, चेष्टा करायचे. त्याला कोडं पडायचं की शेतात एवढी बोलणारी बाई घरात दगड का होते. एकदा तो माझ्या मागून बोलत आला आणि मी वळलेच नाही. तो पुढे येऊन उभा राहिला, माझ्याकडे बघत राहिला, आणि पुन्हा माझ्या मागे गेला. मी वळून बघितलं तेव्हा त्याचे ओठ हलत होते. तो रागावला नाही. नुसतं म्हणाला, "बाप रे."

हे त्याचं मी कधी विसरले नाही, आणि म्हणूनच पुढचं विसरणं जमलं नाही. त्या दिवसापासून त्यानं शिकून घेतलं, की माझ्याशी बोलायचं तर आधी समोर यायचं, उजेडात उभं राहायचं आणि तोंड दाखवायचं. माझ्या मायनंतर हे शिकलेला तो पहिला माणूस.

तोच म्हणाला, डॉक्टरकडे जाऊ. घरी सांगितलं शेगावला दर्शनाला जातो. नवं जोडपं शेगावला जातं म्हटल्यावर कुणी आडवं आलं नाही. दर्शन घेतलं आणि परतताना खामगावात उतरलो. तिथं एक कानाचे डॉक्टर होते. त्यांच्या टेबलावर मातीचा रंगवलेला मोठा कान होता, आतून उघडलेला. मला तो बघूनच कसंतरी झालं. त्यांनी माझ्या कानात उजेड टाकून पाहिलं. मग दोन दातांचा एक लोखंडी काटा गुडघ्यावर आपटून कानासमोर धरला. काही नाही. मग त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं, आणि माझ्या डोक्यात एक गोड, लांबलचक आवाज भरला. मी दचकले, मग हसले. इतका स्वच्छ आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. आतलं सगळं चांगलं आहे, याचा तो पुरावा होता.

त्यानंतर डॉक्टर तो मातीचा कान हातात घेऊन बराच वेळ समजावत राहिले. माझ्या नवऱ्याला. कान माझे होते, पण माझ्याकडे पाठ होती. कानातलं सगळं जाणणारा माणूस, आणि त्याला एवढं सुचलं नाही की जिच्या कानाबद्दल बोलतोय तिला ऐकू येत नाही. मी त्या मातीच्या कानाकडे बघत बसले. त्यातली हाडं सुटी होत होती.

एसटी स्टँडवर नवऱ्यानं मला समोर बसवून सगळं सांगितलं. "पडदा फाटला हाय. आतलं बेस हाय म्हणते डॉक्टर. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नवा पडदा लावतात. कानामागून चीर द्या लागते. झालं तं तुले घरात बसल्या बसल्या आयकू येईन."

"मागून हाक मारली तं?"

"मागूनबी."

"आन लेकरं झाली तं? त्याइले?"

"हे जन्माचं नाई म्हणते. गोवरानं झालेलं लेकराइले जात नाई."

मी स्टँडवर रडले. लोक बघत होते, बघू दिलं. मला कान हवे होते ते गाणी ऐकायला नव्हे. मला त्या घरात पाय सोडून दुसरं काहीतरी माहीत व्हायला हवं होतं. मला माझ्या लेकराचं रडणं पाठीमागून ऐकू यायला हवं होतं. "नेतो तुले," तो म्हणाला, समोर बसून, उजेडात, तोंड दाखवून. त्यामुळे मी तो शब्द नीट ऐकला आहे, यात शंका नाही.

घरी त्यानं आबांना, म्हणजे सासऱ्याला, सांगितलं. मग काही दिवस गेले आणि एका दुपारी मला ओसरीवर बोलावणं आलं. मी दाराशी पदर ओढून बसले. सासऱ्याचा वाकडा अंगठा होता, भासऱ्याची टाच होती, भाऊबंदांतल्या आणखी दोघांचे पाय होते आणि नवऱ्याचे पाय होते. सासू माझ्या शेजारी. बोलणं चाललं होतं हे मला फक्त अंगठ्यांच्या हालचालीवरून कळत होतं. गंभीर गोष्टी आमच्याकडे हळू आवाजात बोलतात. जेवढी गोष्ट मोठी तेवढा आवाज बारीक. एकदा मी पदर किंचित वर केला, नवऱ्याच्या तोंडाकडे बघावं म्हणून. सासूनं तो लगेच खाली ओढला. मग पाय माझ्याकडे वळून थांबले. सासूचा हात माझ्या खांद्यावर आला. मी मान हलवली.

पाय उठून गेले. संध्याकाळी जाऊ माझ्याशी फार गोड वागली.

दोन दिवसांनी सकाळी नवऱ्यानं सांगितलं, "कपडे बांध. जायचं हाय." मी विचारलं, "औरंगाबादले?" तो बैलांना पाणी दाखवायला वळला होता. त्यानं ऐकलं नसेल असं मला वाटलं. मला वाटलं, ऐकलं नसेल! सगळ्या घरात न ऐकणारी मी एकटी, हे त्या क्षणी मी विसरले.

मी पिशवी भरली. दवाखान्यात लागतील म्हणून जुनी दोन लुगडी, डोक्याला बांधायला एक मऊ फडकं. सासूनं माझे नवे कपडे, लग्नातलं पातळ, माझी पेटीसुद्धा काढून दिली. मला वाटलं, औरंगाबाद मोठं शहर, तिथं नेसायला हवं. मग तिनं कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. त्या घरात आल्यापासून माझ्यावर इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं. दवाखान्यात जाणाऱ्या बाईची कुणी ओटी भरतं का, हा प्रश्न मला पडला नाही. मी तिच्या पाया पडले आणि खुशीत निघाले. हे लिहिताना मला अजून माझीच चीड येते, त्या खुशीची.

बीबीच्या फाट्यावर एसटी आली आणि आम्ही चढलो. तो खिडकीशी बसला, मी शेजारी. गाडी सुटली. त्या काळच्या एसटीत इंजिन पुढे, माणसांच्या पायाशीच असल्यासारखं गुरगुरायचं. पत्रे, काचा, सगळं खडखडत होतं. कंडक्टर मागून तिकिटं फाडत आला. मी पिशवीत ते मऊ फडकं नीट ठेवत होते, माझं लक्ष कुणाच्याच तोंडाकडे नव्हतं. कंडक्टर ओरडला, "कुठं?" आणि माझा नवरा त्या खडखडाटावर आवाज चढवून ओरडला, "सुलतानपूर! दोन!"

मला ते स्वच्छ ऐकू आलं, माझ्या माहेरच्या फाट्याचं नाव. गिरणीत ऐकू यायचं तसं. सासरी गिरणीवर जाऊ जायची, त्यामुळे माझ्या कानाची ही खोड त्याला माहीतच नव्हती. मग माझ्या ध्यानात आलं, की सकाळचं ऊन समोरून तोंडावर येतंय. औरंगाबादला, मावळतीकडे, निघालो असतो तर ते पाठीवर आलं असतं.

"आपन औरंगाबादले जाऊन राह्यलो ना?" मी विचारलं.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. ज्या माणसाला ठाऊक होतं की माझ्याशी बोलायचं तर तोंड दाखवावं लागतं, त्यानं तोंड फिरवलं. मी त्याची बाही धरून ओढली. "इकडं पाहून बोला. आजच्या दिवस इकडं पाहून बोला."

तो वळला. त्याचे डोळे लाल झाले होते, ते मी सांगते, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायला नको.

"आबा नाई म्हणले," तो म्हणाला. "कानामागचे केस काढा लागतात. सवाशीन बाईच्या डोक्याले वस्तरा लावू देनार नाई म्हणले. आन बहिरी ठेवली तं लेकरंबी तशीच निपजतीन म्हणे."

"डॉक्टर काय म्हणला ते तुम्ही सांगतलं नाई का?"

"सांगतलं."

"मंग?"

"मंग काय? तुह्या समोरच ठरलं ना सारं. माह्या मायनं तुले इचारलं, माहेरी जाऊन राहशीन का म्हणून. तू मान हालवली."

माझी बाजू मांडायला मला एकच वाक्य पुरलं असतं, की मी ऐकलंच नव्हतं. पण ते त्याला माहीत होतं. त्या ओसरीवर हे माहीत असलेला तो एकटा होता. तो तिथं बसला होता, त्याचे पाय मला दिसत होते. तो उठून माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला असता, माझा पदर वर केला असता आणि ओठांनी तेवढं विचारलं असतं, तर मी मान आडवी हलवली असती. त्यासाठी त्याला बापासमोर बायकोचं तोंड बघावं लागलं असतं. एवढीच निर्लज्ज गोष्ट होती ती. तेवढी त्याच्यानं झाली नाही. आणि सगळं गाव पुढे सांगत राहिलं, की तिला विचारून पाठवली, ती राजीखुशीनं गेली.

सुलतानपूरच्या फाट्यावर उतरून आम्ही घराकडे चालत गेलो. तो पेटी घेऊन पुढे, मी पिशवी घेऊन मागे. माय अंगणात मिरच्या वाळत घालत होती. पेटी बघितली तेव्हाच तिच्या हातातली मिरची खाली पडली. बाप बाहेर आला. नवरा माझ्याकडे पाठ करून त्याच्याशी बोलू लागला, हळू आवाजात, कारण गोष्ट मोठी होती. बाप खाली मान घालून ऐकत होता. मला दोघांचंही तोंड दिसत नव्हतं.

पण माय समोर उभी होती. पाहुण्यांच्या पाठीमागे उभी राहिली होती तशीच, त्या दोघांच्या पाठीमागे. तिला तिथून सगळं ऐकू येत होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि नुसत्या ओठांनी विचारलं, "काय म्हणते, माय, तो? मले परत नेईन म्हणते का?"

जन्मभर तिनं मला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तोंड उघडं ठेवून दिलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिचे ओठ उघडले, आणि तिनं तोंडाला पदर लावला. पदर हलत होता, म्हणजे ती बोलत होती. काय, ते मला आजही माहीत नाही. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाई."